देवीचे वण आणि आईबापांचा विश्वास

ज्या रोगाला इंग्रजांनी स्मॉलपॉक्स म्हटले, त्याला मराठी माणसाने 'देवी' म्हटले. त्या रोगाला ज्या द्रवाने अटकाव केला, त्याला त्याने 'लस' हे नाव दिले. लस म्हणजे मूळ अर्थी फोडातून किंवा जखमेतून पाझरणारे पातळ पाणी. आज काचेच्या लहानशा कुपीतून येणाऱ्या स्वच्छ औषधालाही आपण तोच शब्द वापरतो, आणि तो वापरताना एका बालकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्या बालकाच्या दंडात ही वस्तू कधी काळी जात होती, हे आपल्या ध्यानीही येत नाही. आमच्या तलमडुगु परिसरात तर या एका विषयाला तीन भाषांचे शब्द आहेत. मराठी घरात 'देवी', तेलुगू शेजाऱ्याच्या घरात 'अम्मवारु', आणि निजामी कारभाराच्या उर्दूतून आलेला 'टीका', ज्याचे तेलुगूत 'टीकालु' झाले. देवी, अम्मा आणि टीका. पहिल्या दोन शब्दांत भक्तियुक्त भय आहे, तिसऱ्यात सरकार आहे. या दोहोंच्या मध्ये आईबाप उभे राहिले. त्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही.

लसीचे शास्त्र डॉक्टरांनी सांगावे. तो आमचा अधिकार नाही. आम्हांस येथे पाहावयाचा आहे तो आईबापांच्या मनाचा इतिहास. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक बालकांच्या लसीकरणाविषयी पालकांची पाहणी करतात तेव्हा तीन गोष्टी विचारतात: माहिती किती, मत काय आणि प्रत्यक्ष आचरण कसे. या तिन्हींत नेहमीच अंतर आढळते. माहिती असूनही लस चुकते, आणि कित्येकदा रोगाचे नावही न सांगता येणारी माउली वेळच्या वेळी मुलाला टोचून आणते. असे का होते याचे उत्तर शोधू लागलो, तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात गोदेवीची लस घातली. गाईच्या सडांवर उठणाऱ्या सौम्य फोडांचा संसर्ग ज्यांना झाला त्यांना देवी येत नाहीत, ही गोष्ट तिकडील गवळी लोकांना ठाऊक होती. जेन्नरने तिला प्रयोगाची जोड दिली आणि १७९८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत ही लस बगदाद, बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात लस यशस्वीपणे लागलेली ही पहिली बालिका. तिच्या दंडावरील फोडातून पुढील मुलांना लस दिली गेली, आणि दंडादंडाच्या या साखळीने ती मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरत गेली. पेशवाई अद्याप बुडालेली नव्हती आणि हैदराबादेत निजामाचा अंमल होता. म्हणजे मराठी मुलखाला आणि आपल्या निजामी मुलखाला लसीची ओळख जवळजवळ एकाच वेळी झाली, असे म्हणता येईल.

ही साखळी कागदावर सोपी वाटते. तिचा आईबापांना काय अर्थ होता, हे मात्र विचार केल्याशिवाय कळत नाही. लस बाटलीत टिकत नसे, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. म्हणून टोचणारा मनुष्य थंडीच्या दिवसांत गावोगाव फिरे आणि आठवड्यापूर्वी टोचलेले एखादे मूल आपल्याबरोबर आणी किंवा गावातलेच मूल धरी. त्या मुलाच्या दंडावरील भरलेला फोड फोडून त्यातील लस इतरांना द्यावयाची. ज्या मुलाचा फोड फोडला जाई, त्याला वेदना होत. त्याच्या आईला वाटे, माझ्या लेकराचे सत्त्व काढून नेले. ज्यांना लस मिळे, त्यांना प्रश्न पडे की हा द्रव कोणत्या घरच्या, कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगातला. यातील जातीचा भाग आज आपणांस लाजिरवाणा वाटतो, आणि तो तसा आहेच. परंतु दुसऱ्याच्या रक्तातून आपल्या मुलास दुसरा एखादा रोग तर लागणार नाही ना, ही शंका मात्र निराधार नव्हती. दंडाहून दंडात दिलेल्या लसीबरोबर इतर रोगही जाऊ शकतात, हे पुढे वैद्यकशास्त्रानेही मान्य केले.

यात श्रद्धेचा भाग होता तो असा. देवी येणे म्हणजे साक्षात मातेचे आगमन. घरात देवी आल्या की फोडणी द्यावयाची नाही, रोग्याजवळ मोठ्याने बोलावयाचे नाही, कडुनिंबाचे डहाळे उशाशी ठेवावयाचे, थंड पदार्थ द्यावयाचे आणि देवी उतरल्या की न्हाऊ घालून नैवेद्य दाखवावयाचा. तेलंगणात पोचम्मेला बोनाल वाहण्याची चाल आजही आहे. या आचारांत शहाणपणाचा अंश नव्हता असे नाही. रोग्याला वेगळे ठेवणे, स्वच्छता पाळणे, शांतता राखणे या गोष्टी त्यात आपोआप साधल्या जात. पण ज्या देवतेला शांत करावयाचे तिलाच सुईने अडवावयाचे, हा विचार पचनी पडणे कठीण होते. त्यावरचा तोडगा लोकांनीच काढला. लस टोचल्यावर दंडावर फोड येतो, ताप येतो, खपली धरते. म्हणजे देवी सौम्य रूपाने येऊन गेली, अशी त्यांनी समजूत करून घेतली. म्हणूनच आपल्याकडे टोचण्याला 'देवी टोचणे' किंवा 'देवी काढणे' असे नाव पडले. परकी वस्तू भाषेने अशी घरात घेतली. शिक्षण किंवा कायदा यांच्याआधी हे काम भाषेने केले, याची नोंद साहित्यप्रेमी मंडळींनी घ्यावी.

इंग्रज अधिकाऱ्यांनीही युक्त्या केल्या. मद्रासेकडे संस्कृत जाणणाऱ्या एका अधिकाऱ्याने लसीच्या समर्थनार्थ संस्कृत रचना केली आणि ती प्राचीन म्हणून लोकांपुढे यावी अशी योजना होती, असे त्या काळच्या लेखनातून कळते. हेतू चांगला, मार्ग खोटा. याउलट तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांचे उदाहरण आहे. परभाषिक प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही मराठी जपणाऱ्या या घराण्यातील या विद्याव्यासंगी राजाने पाश्चात्त्य वैद्यकाचा अभ्यास करविला आणि देवीच्या लसीलाही आश्रय दिला. आपल्या राजाने स्वीकारलेली गोष्ट प्रजेला कमी परकी वाटते. खोट्या श्लोकापेक्षा ओळखीच्या माणसाचे आचरण अधिक बोलके असते, हे सूत्र पुढील सर्व इतिहासात पुनःपुन्हा दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने कायद्याचा आश्रय घेतला. मुंबई शहरासाठी १८७७ साली लसीकरणाचा कायदा झाला. १८८० साली हिंदुस्थान सरकारचा कायदा आला, आणि जेथे तो लागू केला जाई त्या नगरपालिका व छावण्या यांच्या हद्दीत मुलांना देवी टोचून घेणे सक्तीचे झाले. खेड्यांत सक्ती पोहोचली नाही, तरी टोचणाऱ्याबरोबर सरकारी शिपाई आला की गावात पळापळ होई. बाया मुलांना घेऊन रानात लपत, आणि टोचणारा वळताच दंड धुऊन, पुसून टाकत. सरकारी अहवालांत याला अज्ञान म्हटले जाई. पण त्या बायांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्यापाशी कारणे होती. लस पुष्कळदा उष्णतेने निकामी झालेली असे आणि टोचूनही देवी येत. मुलाचा दंड सुजून आई आठवडाभर शेतावर जाऊ शकत नसे. टोचणारा अनोळखी, अनेकदा उर्मट, आणि काही ठिकाणी हात ओले केल्याशिवाय न हलणारा.

या तक्रारींपैकी एकीचे निवारण शास्त्राने केले आणि त्यात एका मराठी डॉक्टराचा हात होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ सालच्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर डॉ. अनंत चंद्रोबा हेही होते. पुढे मुंबईच्या लसीकरणाच्या कामात राहून त्यांनी वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत तेथे रुजविण्यास हातभार लावला. मुलाच्या दंडाऐवजी वासरापासून लस मिळू लागली तेव्हा 'कोणाच्या अंगातली' हा प्रश्न मिटला आणि दात्या मुलाच्या आईची हाय मिटली. आईबापांचा विरोध कमी करण्याचा एक मार्ग त्यांचे बोलणे ऐकून पद्धत बदलणे हा असतो, हे यावरून दिसते.

मग १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. इकडे पुण्यात मात्र घरोघर शिरून केलेल्या झडत्यांनी लोक संतापले. त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाले. त्याच प्लेगात रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. एकाच साथीत, एकाच प्रांतात ही तीन चित्रे: स्वतःवर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ, उंबरठा ओलांडणारे सोजीर आणि आजारी मूल पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघालेली सावित्रीबाई. लोकांनी उपचाराकडे पाहताना या तिघांपैकी ज्याचा चेहरा समोर होता त्यावरून मत बनविले, यात नवल काय? पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस दिलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनवर ठपका आला. १९०७ पर्यंत तो दोषमुक्त ठरला, पण एका दूषित बाटलीने किती वर्षांचा विश्वास गेला, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळत नाही. महात्मा गांधींसारख्या लोकोत्तर पुरुषानेही आरोग्यविषयक लेखनात देवीच्या लसीला विरोध केला होता. तेव्हा शंका घेणारा प्रत्येक जण अडाणी, असे म्हणण्याची सोय इतिहास ठेवीत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. १९०५ साली स्थापन झालेला आदिलाबाद जिल्हा हा निजामी राज्याचा राजधानीपासून दूरचा, रानांनी वेढलेला मुलूख. कापूस आणि ज्वारी पिकविणारी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत होती; गावकुसाबाहेर गोंड आणि कोलाम वस्त्या, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू. टोचणाऱ्याने कोणत्या भाषेत समजूत घालावी? अशा ठिकाणी सरकारी सूचनेपेक्षा पटेल-पटवाऱ्याच्या घरचे मूल प्रथम टोचले गेले की नाही, यावर बाकी गाव ठरवी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट, राजुरा हे तालुके वेगळे होऊन तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. ज्या वाटेने वऱ्हाडी मंडळी बैलगाडीतून जात, तिच्यावर राज्याची सीमा आली. हे राजकारण लसीकरणाच्या लेखात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे येईल.

स्वतंत्र भारताने १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. प्रारंभी वापरात असलेले फिरते टोचणीयंत्र फार दुखवी. दंडावर मोठा व्रण पडे. १९६७ नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेत दोन टोकांची साधी सुई आली, उष्णतेत टिकणारी कोरडी लस आली, आणि सर्वांना टोचीत बसण्यापेक्षा रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना टोचण्याची पद्धत आली. देवीच्या रोग्याचे चित्र असलेली पत्रिका घेऊन कर्मचारी बाजारात, शाळेत, घरोघर विचारीत हिंडले. रोगी दाखविणाऱ्यास बक्षीस होते आणि ते वाढत शेवटी १००० रुपयांपर्यंत गेले. मे १९७५ मध्ये भारतातील अखेरचा रोगी आढळला आणि ५ जुलै १९७५ रोजी देश देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. एप्रिल १९७७ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झाले. ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून देवी गेल्याचे जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केले. मानवी इतिहासात लसीच्या बळावर समूळ नाहीसा झालेला मनुष्याचा हा एकमेव रोग.

या विजयाची नोंद आमच्या पिढीच्या दंडावर आहे. आमच्या वयाच्या बहुतेकांच्या डाव्या किंवा दोन्ही दंडांवर तो गोल, सुरकुतलेला वण आहे; आमच्या मुलांच्या दंडावर तो नाही. त्यांच्या दंडावर बी.सी.जी.ची बारीक खूण तेवढी आहे, जिची मोहीम आपल्या देशात १९४८ पासून सुरू झाली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र देवीचे खरे वण होते आणि त्या वणांपायी किती मुलींची लग्ने अडली, किती डोळे गेले, हे त्या काळच्या प्रत्येक घराला ठाऊक होते. वडिलांचा चेहरा, आमचा दंड आणि मुलांची कोरी त्वचा, असा तीन पिढ्यांचा हा दस्तऐवज आहे. त्याचे वाचन आपण नातवंडांसमोर करतो का?

१९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला आणि १९ नोव्हेंबर १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर हे सहा रोग त्यात होते; पुढे कावीळ ब, मेंदूज्वराचा एक प्रकार, रोटाव्हायरसचा जुलाब, न्यूमोनिया आणि रुबेला यांची भर पडली. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला. आम्ही शासकीय सेवेत असताना त्या मोहिमेच्या रविवारी महसूल, पंचायत, शिक्षण अशा सर्व खात्यांची माणसे या कामी जुंपली जात. बसस्थानकावर, आठवडी बाजारात, वीटभट्टीवर, कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या पालांवर जाऊन थेंब पाजावयाचे, डाव्या करंगळीला शाई लावावयाची, दारावर खडूने खूण करावयाची. तेव्हा एक प्रश्न सर्वत्र ऐकू येई: "मागे पाजले होते, आता पुन्हा कशाला?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो चौकस मनुष्याचा आहे. जेथे कर्मचाऱ्याने उंबरठ्यावर दोन मिनिटे बसून, एका डोसाने सर्वच मुलांना पुरेसे संरक्षण मिळत नाही आणि एकाच वेळी सर्वांना दिले तर रोगाला राहावयास जागा उरत नाही, असे सांगितले, तेथे दार उघडले. जेथे त्याने दटावले, तेथे मूल 'मामाच्या गावी' गेले. आणीबाणीतील नसबंदीच्या आठवणी ताज्या असलेल्या देशात, विशेषतः उत्तर भारतात, पोलिओच्या थेंबांमागेही तोच हेतू असल्याची अफवा पसरली होती. तरीही १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळलेली बालिका ही भारतातील वन्य पोलिओची शेवटची रुग्ण ठरली आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

येथे आपल्या सीमेच्या प्रश्नाकडे परत यावे लागते. आपल्या घरांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. तलमडुगुची सून किनवटची किंवा यवतमाळकडची असते. इकडची लेक तिकडे दिलेली असते. बाळ जन्मते एका राज्यात, बी.सी.जी. आणि पोलिओचा पहिला थेंब तेथेच मिळतो, कार्ड मराठीतले. सव्वा-दीड महिन्याची लस कधी तेथे, कधी प्रवासामुळे लांबणीवर. मग बारसे उरकून बाळ सासरी येते. इकडचे कार्ड तेलुगूत. आई ते वाचू शकत नाही, आणि नर्सबाईला तिकडचे कार्ड समजावून घ्यावे लागते. पुढे नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस येते, तेव्हा बाळ पुन्हा सुटीला आजोळी. आईला लसीचे महत्त्व ठाऊक असते, मतही अनुकूल असते. चुकते ती तारीख. लस चुकण्याची कारणे विचारली असता पालक पुष्कळदा हीच साधी कारणे देतात: बाळ आजारी होते, आम्ही परगावी होतो, मागच्या वेळी ताप आला, मजुरी बुडली. १९५६ च्या रेषेने आपल्या नात्यांना तोडले नाही, पण बाळाच्या नोंदीचे मात्र दोन तुकडे केले.

शासनानेही उपाय केले. तेलंगणा राज्याने २०१७ साली सुरू केलेल्या योजनेत सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या मातेस मुलगा झाल्यास १२,००० आणि मुलगी झाल्यास १३,००० रुपये हप्त्यांनी द्यावयाचे ठरले आणि काही हप्ते बाळाच्या लसींशी जोडले गेले. माहेरी बाळंत होणाऱ्या सुनांना अशा लाभात अडचण येणे साहजिकच होते. देशपातळीवर पाहता प्रगती मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी सर्व मूलभूत लसी मिळालेली बालके २००५-०६ साली सुमारे ४४ टक्के होती. ती २०१५-१६ मध्ये ६२ आणि २०१९-२१ मध्ये सुमारे ७६ टक्के झाली. तेलंगणाचा आकडा या शेवटच्या पाहणीत सुमारे ७९ टक्के आहे. याचाच दुसरा अर्थ असा की पाचांतील एका बालकाची एखादी तरी लस राहिलेली असते. गोवर रोखावयाचा तर शंभरातील सुमारे ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, हे लक्षात घेता हा पाचवा हिस्सा लहान नाही.

त्याची किंमत काय असते, हे २०२२ च्या अखेरीस दिसले. मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि बालके दगावली. करोनाच्या काळात नेहमीच्या लसी मागे पडल्या होत्या, त्याचे हे फळ. गोवर आपल्याकडे 'येऊन जाणारा' रोग मानला जातो. कडुनिंबाचा पाला, खोलीत अंधार, फोडणी बंद, इतके केले की झाले, अशी समजूत अद्याप आहे. देवीच्या बाबतीत जी समजूत सुटली ती गोवराच्या बाबतीत राहिली, कारण देवी भयंकर होती आणि गोवर ओळखीचा आहे. पण गोवरानंतर येणारा न्यूमोनिया, जाणारी दृष्टी आणि मेंदूची सूज यांना ओळखीचे म्हणता येणार नाही.

शंकेला खतपाणी घालणाऱ्या गोष्टीही घडतात, त्या लपवून भागत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पैनगंगेच्या अलीकडील आयांनी ती बातमी वाचून बाळ पोटाशी धरले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. निष्काळजीपणा झाला होता हाताचा. संशय आला औषधावर. शिक्षितांच्या घरांत याचे दुसरे रूप दिसते. १९९८ साली इंग्लंडमधील एका डॉक्टराने गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा निबंध छापला. तो २०१० साली मागे घेण्यात आला, त्या डॉक्टराची वैद्यकीची सनदही गेली. पण निबंध मागे घेतला तरी अफवा मागे येत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची मुले हैदराबाद, पुणे, अमेरिका येथे आहेत आणि भ्रमणध्वनीवर ही शंका तिकडून इकडे येते. ज्यांनी देवी पाहिली नाही, घटसर्पाने गुदमरणारे मूल पाहिले नाही, त्यांना सुईचा ताप हाच मोठा धोका वाटतो. लसीच्या यशाने रोगाची आठवणच पुसली, आणि आठवण पुसल्यामुळे लसीचे मोल घटले, असा हा विलक्षण फेरा आहे.

करोनाच्या वेळी १६ जानेवारी २०२१ पासून देशात लस देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा वापरलेल्या दोन लसींपैकी एक पुण्यात तयार झालेली होती आणि दुसरी हैदराबादेत. ज्या दोन शहरांकडे आपली कुटुंबे भाषेसाठी आणि भाकरीसाठी पाहत आली, तीच आज जगाला लसी पुरविणारी केंद्रे आहेत. १८०२ साली परदेशातून मुलांच्या दंडांवरून आलेली वस्तू आता येथून परदेशी जाते. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण हैदराबादेत तयार झालेली कुपी तलमडुगुच्या बाळापर्यंत पोहोचण्यास शेवटचा जो उंबरठा आहे, तो कारखाना ओलांडू शकत नाही.

तो उंबरठा आपल्या ताब्यात आहे. आपल्या घरांत बाळाविषयी अखेरचा शब्द अजूनही आजीचा असतो. बाळाला ताप आला म्हणून पुढची लस नको, असे तीच म्हणते. आणि "टोचल्यावर ताप येतोच, ओले फडके ठेव आणि पुढची तारीख विचार," असे तिने म्हटले तर सून निर्धास्त होते. सरकारी भित्तिपत्रकाने जे साधत नाही ते अशा एका वाक्याने साधते. मराठी शाळांतील शिक्षक, अंगणवाडी ताई, आशा कार्यकर्ती यांनी मराठी घरांत तारखा मराठीतून लिहून दिल्या तर पुष्कळ काम होईल. दोन्ही राज्यांतील नोंद एकत्र दिसावी म्हणून यू-विन ही संगणकीय नोंदवही २०२३ पासून प्रायोगिक रीतीने सुरू झाली. माहेरी आणि सासरी एकच भ्रमणध्वनी क्रमांक सांगितला तर तिचा उपयोग आपल्यासारख्या सीमेवरच्या कुटुंबांना सर्वांत अधिक आहे.

आपल्या जुन्या घरांत पेटीच्या तळाशी जन्मपत्रिका रेशमी कापडात जपून ठेवलेल्या असतात. बाळाचे ग्रह काय सांगतात याविषयी मतभेद असू शकतील. पण त्याच्या कोणत्या लसी झाल्या आणि कोणत्या राहिल्या, हे सांगणारे कार्डही त्याच कापडात राहावे, आणि माहेराहून सासरी निघताना बाळाच्या दुपट्याबरोबर ते आठवणीने पिशवीत पडावे, एवढी अपेक्षा करण्यास हरकत नसावी.